साउंडप्रूफ खिडक्या, आठ महिन्यांनंतर: काच भारी, पण त्या रबराने जीव खाल्ला

चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती. आता आठवा महिना चालू आहे आणि बेडरूमच्या खिडकीतून रस्ता परत घरात आलाय, वारा सुटला की वर शिट्टी पण वाजते, म्हणून आज बसलोच लिहायला.

आधी माझा मूर्खपणा सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सुरुवातीला मी फोम लावला होता, ते अंड्याच्या ट्रेसारखे दिसणारे करडे तुकडे, रस्त्याकडची अख्खी भिंत भरून. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही, अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नसतं. त्यामुळे झालं काय, आमचं बोलणं रेडिओ स्टेशनवर असल्यासारखं स्वच्छ ऐकू यायला लागलं आणि त्या रेडिओ स्टेशनात ट्रकचा हॉर्न जसाच्या तसा. काढताना भिंतीचा रंगही सोबत घेऊन आला तो.

मग खिडक्या बदलल्या. स्लायडिंग काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) केसमेंट, म्हणजे दारासारख्या उघडणाऱ्या, त्यात १०.७६ मिमीची लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचा मधल्या पातळ प्लास्टिकच्या थराने चिकटवलेल्या. विकणारा डबल ग्लेझिंगच्या मागे लागला होता, पण दोन काचांमध्ये १२ मिमी हवा हा प्रकार मुख्यतः उष्णतेसाठी, आवाजासाठी मधलं अंतर चांगलं हाताच्या पंजाएवढं लागतं आणि तेवढी जाड चौकट मला परवडणारी नव्हती. स्लायडिंगचा प्रॉब्लेम काचेचा नसतोच खरं तर, तिच्या कडेला ती ब्रशसारखी लव असते ती काही घट्ट बसत नाही, शिवाय खालच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं असतात, म्हणजे आवाजाला आमंत्रणच.

फरक पडला, खोटं कशाला बोलू. मोबाईलच्या ऍपवर रात्री ६० च्या आसपास दाखवायचं ते ४० वर आलं. ऍपचा आकडा खरा मानू नका, पण तोच मोबाईल त्याच उशीवर ठेवून मोजलं तर आधी-नंतरचा फरक कळतो, आणि १० डेसिबल कमी झाले की कानाला साधारण अर्धाच वाटतो आवाज. उभ्या बसच्या इंजिनाची धडधड मात्र अजून येते, तिला ही काच पुरत नाही.

आणि मग एक गंमत झाली. बाहेरचं बंद झालं तर घरातलं सगळं ऐकू यायला लागलं! फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ (ते आता हॉलमध्ये हद्दपार), आणि वरच्या मजल्यावर रात्री अकराला सरकणारी खुर्ची. ही खुर्ची आधीपण सरकत असणारच, गोंगाटाखाली झाकली जायची. एकजण म्हणाला फॉल्स सीलिंग करा. पण खुर्चीचा आवाज हवेतून येत नाही, स्लॅबच थरथरतो, तो भिंतीतूनपण उतरतो, त्याला वरूनच थांबवावं लागतं. शेवटी खुर्चीच्या पायांना चिकटवायच्या फेल्टच्या चकत्या घेऊन वर गेलो. काकू म्हणाल्या, "अहो एवढं ऐकू येतं तुम्हाला? मग आमची भांडणं पण?" मी म्हटलं काकू, शब्द नाही कळत. अख्ख्या भानगडीतला सगळ्यात स्वस्त खर्च हा, आणि एका रात्रीत काम झालं.

तर आता मूळ वैताग. सातव्या महिन्यात शिट्टी सुरू झाली. कागदाची पट्टी फटीत ठेवून खिडकी बंद करायची आणि ओढून बघायची, वरच्या कोपऱ्यात कागद सुळकन बाहेर. म्हणजे पल्ला आणि चौकटीमधली फट बंद करणारं रबर तिथे दबतच नाहीये. आणि फट किती लहान आहे याला अर्थ नसतो, एक टक्का जागा उघडी राहिली तर बाकी ९९ टक्के कितीही भारी करा, अडवणूक २० डेसिबलवर अडकते. कंपनीचं म्हणणं वॉरंटी काचेची, रबर वापराने बसतं. दोन माणसं येऊन फोटो काढून गेली. एकाने तर सिलिकॉन भरून देतो म्हणाला, उघडणाऱ्या खिडकीला! दुसऱ्याने सगळं रबर बदलायचं कोटेशन दिलं. पाचपैकी दोन स्टार.

अपडेट: वरचं सगळं रविवारी लिहिलेलं, आज बुधवार. तिसरा आला, विशीतला पोरगा, एक शब्द न बोलता खिशातून एल-की (एल आकाराचा छोटा पाना) काढली. हँडल फिरवलं की पल्ल्याच्या कडेची पट्टी सरकते ना, तिच्यावर छोटे गोल खुंट असतात, ते चौकटीतल्या खाचेत अडकतात. खुंटाचा मध्य मुद्दाम एका बाजूला असतो, फिरवला की पल्ला आणखी आत ओढला जातो. त्याने वरचा खुंट पाव फेरा फिरवला. बस्स. कागद ओढला तर फाटला. म्हटलं हे आधी का नाही केलं कुणी, तर म्हणे "काका, हे बसवतानाच करायचं असतं." दीड महिना मी पाव फेऱ्यासाठी भांडत होतो. रात्री शिट्टी नाही, काही नाही. पाचपैकी चार, त्यातला एक त्या पोराचा.

जाता जाता, सगळं घट्ट बंद झालं की खोली कोंदट होते, सकाळी डोकं जड. आम्ही बेडरूमचं दार बोटभर उघडं ठेवतो, त्यामुळे हद्दपार केलेलं घड्याळ परत ऐकू येतं.

आणि हो, एल-की बघून मलाही चेव आला, दुसऱ्या बेडरूमचे खुंट मीच फिरवले. एक जरा जास्तच फिरलाय, ते हँडल लावायला आता दोन हात लागतात. शनिवारी सैल करतो.