४के ब्लू-रे प्लेअर: सोनी घ्यावा की पॅनासॉनिक?

ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, तेव्हापासून चुरस मुख्यतः सोनी यूबीपी-एक्स८००एम२ आणि पॅनासॉनिक डीपी-यूबी८२० यांच्यातच. कोणता घ्यायचा, हे आधी तुमच्या टीव्हीला विचारा.

एचडीआर म्हणजे चित्रातला उजेड-अंधार आणि रंग अधिक खुलवून दाखवण्याची पद्धत. साधा प्रकार एचडीआर१०; डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे त्याच्या पुढचे, दृश्यागणिक जुळवून घेणारे. सॅमसंगच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजन चालत नाही, एचडीआर१०+ चालतं. एलजीच्या ओएलईडीवर नेमकं उलट. सोनीचा प्लेअर डॉल्बी व्हिजन देतो, एचडीआर१०+ देत नाही. शिवाय ते डॉल्बी व्हिजन सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू-बंद करावं लागतं. चालूच राहिलं, तर साध्या एचडीआर१० डिस्कचे रंगही बिघडतात. पॅनासॉनिक दोन्ही प्रकार ओळखतो आणि डिस्कप्रमाणे आपोआप बदलतो. घरात रिमोट चार जणांच्या हातात फिरत असेल, तर ही सोय फार मोठी आहे.

पॅनासॉनिकच्या एचडीआर ऑप्टिमायझरवर, म्हणजे चित्राचा उजेड टीव्हीच्या ताकदीत बसवणाऱ्या सोयीवर, माझा विशेष जीव आहे. टीव्हीचा उजेड बेताचा असेल, तर उन्हातला बर्फ नुसता पांढरा डाग होऊन बसतो. ऑप्टिमायझर लावला की बर्फावरची पावलं दिसू लागतात. मागे ७.१ चे (आठ वाहिन्यांच्या सराउंड आवाजाचे) ॲनालॉग आउटपुटही आहेत, म्हणजे एचडीएमआय नसलेला जुना ॲम्प्लिफायर भंगारात द्यायला नको.

मग सोनी कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सरस आवाजाच्या गाण्यांच्या डिस्क) आहेत त्यांनी, डोळे मिटून. पॅनासॉनिक त्या वाजवत नाही. मात्र सोनीला पुढे डिस्प्ले नाही, त्यामुळे कितवं गाणं चाललंय ते बघायला टीव्ही लावावा लागतो. गाणं ऐकणाऱ्याला हे खटकतंच.

रीजनचा, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल या बंधनाचा, घोळ दोघांतही सारखाच. ४के डिस्कला रीजन नसतो. साध्या ब्लू-रेला असतो: भारत सी, अमेरिका ए, युरोप बी.

आणि परदेशातून कुणी आणून देणार असेल, तर मागचं लेबल आधी फोटो काढून मागवा. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून प्रेमाने एक प्लेअर आणला. लेबलवर फक्त १२० व्होल्ट. आधी ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, तो शेजारी गुणगुणत बसायचा. तेही चाललं असतं, पण आईच्या नाटकांच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीच्या, आणि तो प्लेअर फक्त अमेरिकेतली एनटीएससी पद्धत वाचणारा. एकही लागली नाही. आईने सगळ्या पुन्हा रुमालात गुंडाळून कपाटात ठेवल्या.