हर्पिसचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट मला २२,००० रुपयांना पडला

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आजाराचं नाव काढायचीच लाज वाटायची, आणि त्या लाजेवरच समोरच्याचा धंदा चालतो हे कळल्यावर गप्प बसवेना.

लग्नानंतर पाच महिन्यांनी लघवीच्या जागी बारीक पाणीदार फोड आले. लघवी करताना जीव जायचा. घरात कुणाला सांगणार? मोबाइलवर शोधलं तर एका ‘वैद्यां’ची जाहिरात दिसली, हर्पिस ९० दिवसांत मुळापासून बरा, रिपोर्ट निगेटिव्ह करून देऊ. फोन केला. म्हणाले, “ताई, ही आतली नागीण आहे. विळखा पूर्ण झाला तर गर्भाशय जाईल.” नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्याच रात्री ७,५०० रुपये पाठवले.

चूर्णाच्या पुड्या आल्या. डब्यावर ना घटक लिहिलेले, ना परवाना क्रमांक. दहा दिवसांत फोड सुकले आणि माझा विश्वास बसला. दोन महिन्यांनी परत आले, तर म्हणे, “विष बाहेर पडतंय, मध्येच सोडलंत तर मेंदूत चढेल.” आणखी ७,५०० गेले. शेवटी ७,००० घेऊन रक्त तपासायला लावलं, तेही फक्त आयजीएम, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी. निगेटिव्ह आलं. तो कागद मी देवापुढे ठेवला होता.

तीन आठवड्यांत पुन्हा फोड.

मग त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कागद बघून विचारलं, “आयजीजी कुठंय?” आयजीएमवरून हर्पिस गेला की राहिला हे ठरतच नाही. आयजीजी म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी, ती एकदा पॉझिटिव्ह आली की सहसा तशीच राहते. फोड औषधाशिवायही आपोआप सुकतात, पहिल्या वर्षानंतर बऱ्याच जणींना कमी वेळा येतात, आणि त्याचंच श्रेय ही माणसं खातात. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो. तिथून त्याला हुसकावणारं औषध अजून कुणाकडेच नाही. नागीण तर वेगळीच, ती कांजिण्यांच्या विषाणूची.

त्यांनी विषाणूची वाढ रोखणारं असायक्लोव्हिर दिलं. पाच दिवसांच्या गोळ्या दोनअडीचशे रुपयांत आल्या. मुंग्या आल्यासारखं वाटलं की लगेच सुरू करायच्या, फोड असताना संबंध टाळायचे, एरवी निरोध वापरला तर धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. दिवस राहिले तर प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. नवऱ्याच्या ओठावर तापाचे फोड येतात का, हेही त्यांनी विचारलं. येतात. ओठावरचा हर्पिसचा विषाणू मुखमैथुनातून तिथं पोचू शकतो. हे आधी कळलं असतं तर त्याच्यावर संशय घेत किती रात्री रडले, त्या वाचल्या असत्या.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० या नंबरवर, तक्रार केली, पैसे आले नाहीत. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती जाहिरात मागच्या आठवड्यात पुन्हा दिसली. वैद्यांचं नाव बदललंय, नंबर तोच आहे.