बोरॉन कार्बाइडच्या भावात सिलिकॉन कार्बाइड

भोसरीतील आमच्या छोट्या कारखान्यात ओतीव भाग ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने नोझलमधून कठीण कणांचा मारा करून, साफ केले जातात आणि त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे ग्रिट (कण) वापरले जाते. या ग्रिटपुढे टंगस्टन कार्बाइडचे नोझल 40 तासांच्या आतच झिजते. म्हणून मागील वर्षी मी बोरॉन कार्बाइडची, 8 मिलिमीटर छिद्राची सहा नोझले मागवली. दर जवळपास तिप्पट होता, परंतु एकेक नोझल निदान 200 तास चालेल या हिशेबाने सगळी रक्कम आगाऊ भरली. तीच चूक झाली.

पहिले नोझल तीन आठवडेही टिकले नाही. कंप्रेसर दाब धरीना, म्हणून छिद्रात 9.5 मिलिमीटरचे ड्रिल घालून पाहिले, तर ते सहज आत गेले. छिद्र एवढे वाढले की हवेचा खप सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो.

बोरॉन कार्बाइड आणि त्याच्या नावाने खपवले जाणारे सिलिकॉन कार्बाइड हे दोन्ही पदार्थ काळपट करडे असल्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही, वजनात मात्र तो लपत नाही. एका कोऱ्या नोझलचे जॅकेट काढून आतली नळी मी ओळखीच्या सराफाकडे नेली. ती 96 ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि नळी दोऱ्याने, तळाला टेकू न देता, पाण्यात बुडवली. काट्याने 31 ग्रॅम दाखवले. म्हणजे घनता 3.1. सच्छिद्र सिलिकॉन कार्बाइडही हलके भरू शकते, त्यामुळे कमी घनता हा खरेपणाचा पुरावा नव्हे; परंतु शुद्ध बोरॉन कार्बाइड 2.52 च्या वर जाऊच शकत नाही.

विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र पुन्हा वाचले, तेव्हा ते भुकटीचे निघाले. खरा खर्च ती भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात 2000 अंशांहून अधिक तापमानाला दाबून घट्ट करण्याचा असतो, आणि तयार नळीविषयी त्यात एक ओळही नव्हती. विचारल्यावर, "हे सिलिकॉन मुरवलेले बोरॉन कार्बाइड आहे," असे उत्तर मिळाले. तसा प्रकार असतो खरा, पण त्याचीही घनता 2.6 च्या आसपासच असते. उरलेली चार नोझले परत घेण्यास तो तयार झाला, मात्र पैशांऐवजी त्याच्याच दुसऱ्या मालाच्या बदल्यात.

आता मी ऑर्डरवरच तयार नळीची घनता नमूद करतो आणि तपासणीनंतर पैसे देण्याची अट घालतो; ती वाचून दोन विक्रेत्यांनी दरपत्रकच पाठवले नाही.