सायकोड्रामा की प्लेबॅक थिएटर?

आपल्या आयुष्यातली गोष्ट गटासमोर नाटकातून मांडायच्या या दोन पद्धती. दोन्हीकडे गोष्ट आपलीच. फरक ती कोण उभी करतं याचा. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या सायकोड्रामात आपणच मंचावर उतरतो. समोर रिकामी खुर्ची. तिच्यात वडील बसलेत असं समजून बोलायचं. मग उठून त्याच खुर्चीत बसायचं आणि वडील होऊन स्वतःलाच उत्तर द्यायचं. तिथे भल्याभल्यांचा आवाज कापतो, वर्षानुवर्षं राहून गेलेलं बोलणं बाहेर पडतं. म्हणूनच चालवणारा प्रशिक्षित हवाच, आणि नंतर गटाला बोलायला निवांत वेळही.

१९७५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या प्लेबॅकमध्ये आपण फक्त सांगायचं. नट ते तिथल्या तिथे करून दाखवतात. बुजऱ्या माणसाला, नवख्या गटाला मी आधी हेच सुचवेन. एखाद्या नात्यातली गाठच सोडवायची असेल, तर मात्र सायकोड्रामा.