जुने बॉक्सर की आजचे? बघायला सुरुवात कुठून करावी

बॉक्सिंगचा नाद नुकताच लागला असेल आणि १९८० चं दशक बघावं की आजच्या लढती, असा प्रश्न असेल, तर माझा कल जुन्यांकडे आहे. कौशल्यात मात्र मी आजच्यांनाच झुकतं माप देईन. युक्रेनच्या उसिकने आपल्याहून कितीतरी धिप्पाड अशा टायसन फ्युरीला २०२४ मध्ये दोनदा हरवलं. त्याचे पाय बघा. ठोसा मारून झाला की तो त्या जागी सापडतच नाही. जपानच्या इनोउएचा बरगडीखालचा डावा हूक (हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा) तर कुठल्याही काळातल्या बॉक्सरला गुडघ्यावर आणेल, असं मला वाटतं.

मला वैताग येतो तो वाट बघण्याचा. मेवेदर आणि पॅकिआओची बोलणी २०१० च्या सुरुवातीला फिसकटली आणि लढत झाली मे २०१५ मध्ये. तोवर एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६ चा. एवढ्या हौसेने बघायला बसलो, आणि बाराही फेऱ्या बेताबेतानेच गेल्या. क्रॉफर्ड-स्पेन्ससाठीही वर्षानुवर्षं ताटकळलो. जगज्जेतेपद देणाऱ्या चार संघटना, त्यांचे चार पट्टे, आणि प्रत्येक बॉक्सरचा प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, वेगळा. या ओढाताणीत बॉक्सरची उमेदीची वर्षं निघून जातात. हल्ली सौदीच्या पैशामुळे मोठ्या लढती जरा लवकर जुळतात, हेही खरं.

लेनर्ड, हॅगलर, हर्न्स आणि डुरान हे चौघं मात्र जून १९८० ते डिसेंबर १९८९ या काळात आपसांत ९ वेळा लढले. लेनर्डने हॅगलरला बरंच ताटकळवलं, पण शेवटी तोही रिंगणात उतरलाच.

त्यातली सप्टेंबर १९८१ ची लेनर्ड-हर्न्स लढत आधी बघा. लेनर्डचा डावा डोळा सुजून मिटत आलेला, तिन्ही परीक्षकांकडे हर्न्स पुढे. तेराव्या फेरीत लेनर्डने त्याला दोरांवर रेटलं आणि चौदाव्यात पंचांनी लढत थांबवून लेनर्डला विजयी ठरवलं. तेव्हा जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असत; आजच्या १२ फेऱ्यांत हर्न्स गुणांवर जिंकला असता. तरी फेऱ्या कमी झाल्या ते योग्यच झालं. १९८२ मध्ये मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू पुढे दगावला, आणि त्यानंतरच १५ फेऱ्यांचा जमाना संपत गेला. जुन्या लढती बघताना ही किंमत मला विसरता येत नाही.

वेळ कमी असेल तर एप्रिल १९८५ ची हॅगलर-हर्न्स लावा. तिसऱ्याच फेरीत निकाल लागतो. पहिल्याच फेरीत हर्न्सचा उजवा हात मोडला, तरी तो मागे हटत नाही. उसिक-फ्युरी त्यानंतर बघा.