१/१० मापाच्या आरसी (रिमोट कंट्रोल) ट्रकसाठी घेतलेला चाकांचा सेट : महिनाभर वापरून

माझ्या फोर व्हील ड्राईव्ह मॉन्स्टर ट्रकची चाकं पार गेली होती, दीड वर्ष सोसायटीच्या पार्किंगमधल्या काँक्रीटवर पळवली ना, त्यावर टायर खोडरबरासारखा झिजतो, मागच्या दोघांची बटणं (टायरवरचे उंचवटे) गायब आणि एकाचं रबर फाटून आतला फोम दिसायला लागलेला. शेवटी रिमवर चिकटवूनच येतो तो चारचा सेट ऑनलाईन मागवला, १,६०० ला पडला.

बसवणं सोपंय. ७ एमएमच्या पान्याने नट काढायचा, चाक ओढायचं. फक्त खाली टॉवेल अंथरा, कारण हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) सोबत निघून आला की त्याच्यामागची बारीक पिन पडते आणि मग ती शोधत बसायचं. माझ्या डाव्या मागच्या रिमचा षटकोनी खड्डा घासून गोल झाला होता, थ्रॉटल दिला की हेक्स आतल्या आत फिरायचा, आणि मी महिनाभर डिफ (डिफरेन्शियल, चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) गेला असंच समजत होतो! नवीन रिम १२ एमएम हेक्सवर एकदम घट्ट बसली, जराही खेळ नाही. नट मात्र आत नायलॉनची रिंग असलेलेच नवीन टाका, जुने हाताने फिरत असतील तर चाक चालू गाडीतून निघून जातं.

आता तक्रार. एका टायरची कड दाबून बघितली तर दोन बोटं फट, तिथे गोंदच नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं नाही, वाईट वाटलं. स्पीडला टायर फुगतो, अशी फट राहिली तर तो रिमवरून सुटणारच. फेविक्विकचे चार थेंब सोडून रबरबँडने आवळून रात्रभर ठेवला. तुम्ही घ्याल तेव्हा चारही चाकांची दोन्ही बाजूंची कड आधी तपासा, मगच गाडीला लावा.

अजून एक, जुनी झिजलेली चाकं ११२ एमएम भरली, नवीन १२०. चाक मोठं म्हणजे मोटरवर लोड जास्त, पहिल्याच बॅटरीत मोटरला बोट लावून ठेवता येईना म्हणून पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक दात लहान टाकला, मग ठीक झालं. आणि पैसे वाचवायला दोनच चाकं बदलू नका हो, फोर व्हीलमध्ये पुढचं-मागचं माप वेगळं झालं की सगळा ताण गिअरवर येतो.

मुरुमावर पकड जबरदस्त आहे, वळणावर मागची बाजू आता सुटत नाही. दहाएक बॅटऱ्या झाल्या, बटणांची धार अजून तशीच आहे.