बर्लिनमधील एक सत्र: शिक्षण स्वस्त, नळ महाग

बर्लिनहून ठाण्याला परतून काही महिने लोटल्यावर तेथील खोलीच्या अनामत रकमेचा हिशेब अखेर मला मिळाला, आणि त्यात १,०५० युरोंपैकी १८० युरो ‘न्हाणीघरातील क्षार काढणे’ या नावाखाली कापलेले होते. रुपयांत ही रक्कम सतरा हजारांच्या घरात जाते. घोडबंदर रोडवर टँकरच्या पाण्यात वाढलेल्या मुलीकडून कोणी क्षाराचे पैसे मागावेत, हे मला काही केल्या पटले नाही. विद्यार्थी-विनिमयावर बर्लिनच्या विद्यापीठात काढलेल्या त्या सत्राविषयी सविस्तर लिहायचे माझ्या मनात होतेच. या पत्राने ते लांबणीवर टाकण्याची सोय उरू दिली नाही.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचे बँक खाते) आणि आरोग्य विमा यांची माहिती इच्छुकांना तोंडपाठ असते, त्यामुळे ती येथे देत नाही. एवढेच सांगते की २०२४-२५ च्या हिवाळी सत्रासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दरमहा ९९२ युरो धरले जात होते आणि त्या रकमेत अनामत बसत नाही. जर्मनीचा दिवाणी कायदा भाडेकरूला अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा देतो आणि ती मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक असू नये असेही सांगतो. माझ्या घरमालक कंपनीने मात्र पूर्ण रक्कम किल्ली देण्याआधीच मागितली, आणि परदेशातून खोली शोधणारा माणूस कायद्याचे कलम दाखवून खोली गमावण्याच्या फंदात पडत नाही.

शिक्षणाच्या खर्चाबद्दल तक्रारीला जागा नाही. आपल्या महाविद्यालयाचे शुल्क आपण येथेच भरतो आणि तेथे फक्त सत्रशुल्क द्यावे लागते. त्यातच देशभर चालणारे प्रवासाचे तिकीट येते. त्या सत्रात सहा महिन्यांसाठी त्याचे १७६ युरो ४० सेंट पडले. स्थानकांवर फाटके नसतात, तपासनीस पुष्कळदा साध्या वेषात असतात, आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड होतो. काटकसरी माणसाने हे तिकीट पुरेपूर वसूल करावे, मी केले.

अध्यापनाविषयीचे माझे मत मात्र मध्येच बदलले. नोव्हेंबरमध्ये मी घरी कळवले होते की येथे कोणी काही शिकवतच नाही. आठवड्यातून एकदा दीड तासाचा वर्ग भरतो, तोही छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी, हजेरी घेतली जात नाही, आणि उरलेला आठवडा वाचनात घालवायचा असतो. सत्राला तीस क्रेडिट आणि एका क्रेडिटला तीस तासांचे काम, असा तेथील हिशेब आहे. म्हणजे नऊशे तास, आणि त्यांपैकी वर्गात घालवायचे फारच थोडे. जानेवारीत सत्रान्त निबंधाचा विषय ठरवताना या पद्धतीचे मोल मला कळले. बर्लिनने २०२० मध्ये घरभाडी गोठवणारा कायदा केला आणि २०२१ मध्ये संघीय घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण भाड्याचा विषय केंद्राच्या कायद्याने आधीच व्यापलेला असून राज्याला त्यात अधिकार नव्हता. मला या प्रकरणाची तुलना मुंबईतील १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याशी करायची होती. प्राध्यापिकांनी भेटीच्या तासात माझा आराखडा वाचला, त्यातील दोन तृतीयांश भाग खोडला आणि उरलेल्या एका प्रश्नावर पुढील भेटीत पुन्हा चर्चा केली. असे लक्ष माझ्या लेखनाकडे यापूर्वी कोणी दिले नव्हते, त्यामुळे नोव्हेंबरमधील ते मत मी मागे घेते.

आता पाण्याकडे वळते, कारण सत्रभर मला सर्वाधिक छळले ते पाण्यानेच. ठाणे महापालिकेच्या नळाला येणारे भातसा नदीचे पाणी मृदू असते. आमच्या संकुलात मात्र ते पुरत नाही, म्हणून टँकर येतात आणि नळांवर पांढरे थर चढतात. बर्लिनमध्ये टंचाई नाही, तरीही थर आहेत. शहराचे सगळे पिण्याचे पाणी भूजलातून येते. हिमयुगात साठलेल्या वाळू-मातीच्या थरांतून ते झिरपते आणि वाटेत चुना विरघळवून घेते. म्हणून तेथे कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर पाण्याच्या कठीणपणानुसार तीन वेगवेगळी मापे छापलेली असतात, आणि बर्लिनकराने त्यांतील सर्वांत मोठे माप घ्यायचे असते. केटल आठवडाभरात पांढरी होते आणि चहावर तवंग येतो. तूरडाळ तर शिजता शिजत नाही, कारण पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या पेक्टिन या घटकाशी बांधले जाऊन दाणा मऊ होऊ देत नाही. कुकर सोबत नेलेला नसल्याने मी डाळ रात्री भिजत घालून चिमूटभर खाण्याच्या सोड्यासह उकळत असे. विद्यापीठाची खानावळ स्वस्त आणि बरी होती, पण वरण हे वरणच असते.

नळांसाठी तेथील सुपरमार्केटात २५ टक्के तीव्रतेचे व्हिनेगर अगदी स्वल्प दरात मिळते. त्यात दुप्पट-तिप्पट पाणी घालून फडके भिजवावे, ते अर्धा तास नळाला गुंडाळून ठेवावे आणि मग धुऊन टाकावे. संगमरवराला मात्र ते लावू नये, दगड खराब होतो. आंघोळीनंतर काचेवरून रोज वायपर फिरवला तर थर धरतच नाही. हे सर्व मी नियमाने करत होते, खोली सोडताना नळांची छायाचित्रेही काढली होती आणि हस्तांतरणाच्या नोंदपत्रात क्षाराचा उल्लेख एका अक्षरानेही नव्हता. तरीही १८० युरो! त्या पैशांत व्हिनेगरच्या किती बाटल्या आल्या असत्या, याचा हिशेब मी मुद्दामच मांडत नाही.

निबंधासाठी भाडेकायदा वाचलेला होता, तो येथे कामी आला. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ५३८ नुसार, करारानुसार केलेल्या वापरामुळे जागेत जी झीज किंवा बदल होतो त्याची जबाबदारी भाडेकरूवर येत नाही. विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाकडे मोफत कायदेसल्ला मिळतो. सत्र संपले असूनही तेथील सल्लागाराने ईमेलवर माझा मसुदा तपासून दिला. मी नोंदपत्राची प्रत, छायाचित्रे आणि चौदा दिवसांची मुदत घातलेले पत्र पाठवले. हे सर्व लिहून होईपर्यंत कंपनीचे उत्तर आले आहे: १८० पैकी १२० युरो ‘सद्भावनेपोटी’ परत मिळतील, उरलेल्या ६० युरोंबद्दल त्यांना काहीही म्हणायचे नाही. साठ युरोंसाठी ठाण्यात बसून बर्लिनच्या न्यायालयात जाण्याइतकी मी हट्टी नाही, निदान या आठवड्यात तरी नाही. जाणाऱ्यांनी तेथील बँक खाते अनामत हाती पडेपर्यंत बंद करू नये, नाहीतर परदेशी हस्तांतरणाच्या शुल्कात आणखी काही युरो जातील.

माझ्या मते या सत्राचा खरा दोष पाण्यात नसून वेळापत्रकात आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तेथील हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते, व्याख्याने फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि निबंध मार्चअखेर द्यायचे असतात, त्यामुळे आपल्याकडील दोन सत्रांचे लचके तुटतात. उन्हाळी सत्राची व्याख्याने एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असल्याने आपली परीक्षा त्याच्या पोटात येते. शिवाय तेथे १.० ही सर्वोत्तम श्रेणी आहे, ४.० वर उत्तीर्ण आणि ५.० वर अनुत्तीर्ण. माझी १.३ ही श्रेणी आमच्या महाविद्यालयाच्या गुणनोंदणीत बसेना, कारण आमच्याकडे शंभरपैकी गुण भरावे लागतात आणि १.३ भरल्यास विद्यार्थी नापास दिसतो. रूपांतराचे सूत्र कोणते वापरायचे यावर आमच्या महाविद्यालयाचा परीक्षा विभाग आणि विनिमयाचे समन्वयक यांचा पत्रव्यवहार अजून सुरू आहे. म्हणून निघण्यापूर्वी तेथे कोणते विषय घेणार याच्या करारावर सह्या घेताना श्रेणी-रूपांतराचा तक्ता त्यालाच जोडून घ्यावा, आणि त्यावर परीक्षा विभागाचा शिक्का असावा. केवळ समन्वयकाची सही चालत नाही.